जुना पंखा उतरवायचाय

बी-३०२: बेडरूमचा जुना पंखा काढायचाय. इलेक्ट्रिशियन रोज 'येतो, येतो' म्हणतो, येत काही नाही. बटण बंद करून मीच उतरवला तर चालेल ना?

ए-१०४: काका, नुसत्या बटणावर जाऊ नका. जुन्या वायरिंगमध्ये कधीकधी बटण फेजऐवजी न्यूट्रलवर दिलेलं असतं. पंखा थांबतो, वायरीत करंट तसाच. मेन पाडा.

सी-२०१: आणि इन्व्हर्टर? मेन पडली की तो लगेच लाइन उचलतो. त्याचा प्लग काढूनही उपयोग नाही, बॅटरीवर चालूच राहतो. त्याचं स्वतःचं बटण बंद करा, मेनही बंदच ठेवा. मग वायरी सोडवण्याआधी दोन्ही वायरींना टेस्टर लावा. टेस्टर चालतोय ना, ते आधी चालू सॉकेटमध्ये बघून घ्या.

बी-३०२: इन्व्हर्टर आहे आमच्याकडे. बरं, मग पुढे?

सी-२०१: आधी पाती काढा. मग वरची वाटी सैल करून खाली सरकवा, वायरींचा फोटो घ्या आणि वायरी सोडवा. बोल्टला हात सगळ्यात शेवटी, तोही खालून कोणीतरी मोटर धरल्यावरच. पाती नसली तरी ती तीन-चार किलोंची असते, जुनी असेल तर जास्तच.

डी-४०३: आमच्याकडे बोल्टची पिन गंजून बसली होती. पक्कडीने तिची दुमडलेली टोकं सरळ केली, थोडं तेल सोडलं, तासाभराने निघाली. हातोडी मारू नका हं, हूकला हादरे बसतात.

ए-१०४: वाटीत कंडेन्सर असेल तर त्याच्या उघड्या टोकांना बोट लावू नका. लाइन बंद असली तरी त्यात चार्ज राहू शकतो.

बी-३०२: शिडी नाहीये. पलंगावर स्टूल ठेवलं तर?

सी-२०१: काका!! गादीवर स्टूल अजिबात नको. पलंग बाजूला सरकवा.

डी-४०३: माझी घोड्याची शिडी न्या. रविवारी सकाळी मीही येतो, मोटर धरायला माणूस लागेलच.

बी-३०२: या या. नवीन पंखाही तेव्हाच लावून टाकू?

सी-२०१: आधी हूक नीट बघा. घासून बारीक झाला असेल किंवा गंजाच्या खपल्या निघत असतील, तर त्यावर नवीन पंखा टांगू नका. आणि सुट्या वायरींना वेगवेगळी टेप गुंडाळल्याशिवाय मेन चालू करू नका.

बी-३०२: टेप आहे घरात. रविवारी दहाला?

डी-४०३: नऊला या म्हणा, दहाला ऊन तापतं आणि तुमच्याकडे पंखा नसेल.