स्वप्नात शुद्धीवर असणं म्हणजे बुवाबाजी नव्हं!

पेठेतला_गडी: काल एकानं इथं टाकलं, 'ल्युसिड ड्रीम म्हणजे इंग्लिश बुवाबाजी, झोपलेल्या माणसाला कळतंय व्हय आपण झोपलोय ते?' डोकं फिरलं वाचून. कळतंय, भावा. स्वप्न चालूच असतंय, फक्त मधेच ट्यूब पेटती की हे खरं नव्हं. १९७५ ला इंग्लंडात हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी झोपलेल्या माणसाकडून आधी ठरवलेली खूण मिळवली, डोळे डावीकडं-उजवीकडं फिरवून, कारण स्वप्नं पडत्यात त्या झोपेत हातपाय लुळे पडत्यात पण बुबुळं फिरत्यात. माझी ट्यूब पेटली स्वप्नातल्या रंकाळ्यावर, आपल्या कोल्हापूरच्या तळ्यावर. बोटं मोजली तर सहा, परत मोजली तर सात, आणि पाण्यात केंदाळाचं, म्हणजे जलपर्णीचं, एक पान नाही!

शिरोली_नाईट_शिफ्ट: केंदाळ नाही म्हटल्यावरच कळायला पाहिजे होतं की, बोटं कशाला मोजत बसलास?

ताराबाई_पार्क: हसू नका, आमच्याकडं खिडकी उघडता येत नाही वासानं. दरवर्षी काढतात, दरवर्षी येतं.

जुना_रंकाळेकर: सांडपाणी आत येतंय तोवर येणारच. आम्ही पोहायला शिकलो त्यात, तळ्यातल्या संध्यामठापर्यंत जायचो.

ताराबाई_पार्क: काका, उन्हाळ्यात मठापर्यंत चालत जात असाल, पाणी उतरलेलं असतंय तेव्हा.

जुना_रंकाळेकर: मला खोटारडा म्हणतीस? तुझा जन्म तरी झाला होता का तेव्हा?

पेठेतला_गडी: अहो धागा कशाचा आहे!

शिरोली_नाईट_शिफ्ट: बरं, तुझ्यावर येतो. मला जाग येते तेव्हा अंग हलत नाही, छातीवर कोणतरी बसलंय वाटतं. आई म्हणायची मुंजा. ते पण ल्युसिडच काय?

पेठेतला_गडी: नव्हं. ती स्लीप पॅरालिसिस, मेंदू जागा झालेला असतोय आणि अंग अजून झोपेतच. ल्युसिडमध्ये तू पूर्ण झोपलेला असतोस. तसलं स्वप्न पाहिजे तर चार-पाच तासांनी गजर लावून उठ, परत पडताना घोक, 'स्वप्न पडलं की ओळखायचं'. पहाटे स्वप्नं लांब पडत्यात.

शिरोली_नाईट_शिफ्ट: पहाटे मी भट्टीसमोर असतोय मालक! रिकामटेकड्यांचे धंदे. दुपारी झोपावं तर गल्लीत साउंड.

शिरोली_नाईट_शिफ्ट: काल दुपारी घोकून झोपलो. स्वप्नात सुपरवायझर ओरडत होता, आणि अंगात त्याच्या शाळेची खाकी चड्डी. कळलं मला, मान्य. शिवी द्यायला तोंड उघडलं आणि जाग आली. काय उपयोग सांग तुझ्या विद्यापीठाचा?

जुना_रंकाळेकर: मी पोहतच जायचो.