न्येरेरे यांचा मोठेपणा उजामाच्या सक्तीवर पांघरूण घालू शकतो का?

रानवाटा (धागालेखक):

टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांच्याविषयी आपल्याकडे जे थोडेफार लिहिले जाते, ते बहुतेक आदरानेच लिहिले जाते आणि त्याला सबळ कारणे आहेत. भारत सरकारने १९९५ साली गांधी शांतता पुरस्कार सुरू केला, तेव्हा पहिला मान त्यांना मिळाला. व्हिक्टोरिया सरोवराच्या पूर्वेकडील बुटियामा गावच्या जमातप्रमुखाचा हा मुलगा एडिंबरोहून पदवी घेऊन परतला, शाळेत शिकवू लागला, १९५४ मध्ये टानू हा पक्ष उभारून त्याने १९६१ मध्ये टांगानिकाला (म्हणजे आजच्या टांझानियाच्या मुख्यभूमीला) शांततेच्या मार्गाने स्वातंत्र्य मिळवून दिले. हे सारे मान्य करूनही मला असे वाटते की, १९७३ ते १९७६ या काळात त्यांच्या सरकारने शेतकऱ्यांवर जी सक्ती केली, तिला त्यांच्या चरित्रात तळटीपेची जागा देणे हा त्या शेतकऱ्यांवर दुसऱ्यांदा केलेला अन्याय आहे.

समाजवाद आणि स्वावलंबनाचे धोरण जाहीर करणाऱ्या १९६७ च्या अरुशा जाहीरनाम्यानंतर न्येरेरे यांनी ‘उजामा’ गावांची कल्पना मांडली. विखुरलेल्या वस्त्यांतील लोकांनी एकत्र राहावे, काही जमीन सामाईक कसावी, म्हणजे शाळा, दवाखाना आणि पिण्याचे पाणी त्यांच्यापर्यंत पोहोचवता येईल, असा तो विचार होता. या गावांत कोणालाही जबरदस्तीने आणता येणार नाही, असे त्यांनी स्वतःच लिहिले होते. मात्र १९७३ च्या अखेरीस, १९७६ संपण्यापूर्वी सर्व ग्रामीण जनतेने गावांत राहायला गेलेच पाहिजे, असे फर्मान निघाले आणि किमान ५० लाख माणसे हलवली गेली. लोक परत फिरू नयेत म्हणून अनेक ठिकाणी त्यांची जुनी घरे जाळण्यात आली. नवी गावे रस्त्याकडेला आखली गेली, त्यामुळे कसलेली जमीन मैलोन्‌मैल मागे राहिली.

कल्पना चांगली होती, अंमलबजावणी चुकली, एवढे म्हणून सुटका होत नाही, कारण स्वेच्छेने उभी राहिलेली उजामा त्यांच्या देशात प्रत्यक्ष होती. दक्षिणेकडील रुवुमा प्रदेशात लिटोवा आणि आसपासच्या गावांनी अरुशा जाहीरनाम्याच्या कितीतरी आधी सामाईक शेती सुरू केली होती, स्वतःची शाळा आणि पिठाची गिरणी चालवली होती आणि निर्णय गावसभेत घेतले जात होते. न्येरेरे यांना या प्रयोगाचे कौतुक होते. तरीही सप्टेंबर १९६९ मध्ये टानूच्या मध्यवर्ती समितीने या गावांची रुवुमा विकास संघटना विसर्जित केली, तिची मालमत्ता ताब्यात घेतली आणि पक्षाध्यक्ष असलेल्या न्येरेरे यांनी ते होऊ दिले.

दर्यावर्दी:

आपला मुद्दा गंभीर आहे, पण आपण शेजार पाहिला नाही. १२० हून अधिक जमातींचा हा देश. त्याच्या सीमेला लागून असलेल्या रुवांडा, बुरुंडी, युगांडा आणि काँगो या चारही देशांत जमातींच्या नावाने अनन्वित रक्तपात झाला, आणि टांझानियाची मुख्यभूमी मात्र त्यातून वाचली. हे आपोआप घडलेले नाही. न्येरेरे यांनी स्वाहिलीला शाळेची आणि कारभाराची भाषा केले (शेक्सपिअरची दोन नाटके त्यांनी स्वतः स्वाहिलीत आणली), परंपरागत जमातप्रमुखांची सत्ता काढून घेतली आणि एका जमातीच्या बळावर राजकारण करण्याची वाट कोणालाच मोकळी ठेवली नाही.

उजामा फसली त्याचा सारा दोष सक्तीवर टाकणेही मला मान्य नाही. ज्या वर्षांत स्थलांतर झाले, त्याच वर्षांत भीषण दुष्काळ पडला आणि १९७३ पासून खनिज तेलाचे भाव भडकले. पुढे ऑक्टोबर १९७८ मध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याच्या सैन्याने टांझानियाचा सीमेवरील कागेरा प्रदेश बळकावला. त्याला हुसकावून एप्रिल १९७९ मध्ये टांझानियाचे सैन्य युगांडाची राजधानी कंपालात पोहोचले खरे, पण त्या युद्धाने तिजोरी रिकामी केली. अमीनसारख्या माणसाला हटवण्याची किंमत एका गरीब देशाने एकट्याने मोजली, याचे श्रेय आपण त्यांना देणार की नाही?

सनदशीर:

ऐक्याचे कौतुक करताना त्यामागील कायदाही पाहा. १९६२ च्या प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्याने राष्ट्राध्यक्षांना कोणालाही खटल्याविना डांबण्याचा अधिकार दिला आणि त्या आदेशाला न्यायालयात आव्हान देण्याची सोय ठेवली नाही. त्यांच्याच मंत्रिमंडळात राहिलेले अब्दुलरहमान बाबू १९७२ ते १९७८ तुरुंगात होते. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत उमेदवार एकच असे आणि मतदाराने केवळ होय किंवा नाही म्हणायचे असे. रुवुमाची संघटना मोडली तेव्हा दाद मागायला जागा नव्हती, ती याच व्यवस्थेमुळे.

दर्यावर्दी:

कायदा वाईटच होता, त्याचे समर्थन मी करणार नाही. तरीही १९६५ च्या एकपक्षीय निवडणुकीत मतदारसंघागणिक टानूचेच दोन उमेदवार समोरासमोर उभे होते आणि खुद्द अर्थमंत्री पॉल बोमानी पराभूत झाले, हेही नोंदले पाहिजे. १९६६ मध्ये विद्यार्थ्यांनी राष्ट्रीय सेवेविरुद्ध मोर्चा काढला, तेव्हा न्येरेरे यांनी त्यांना विद्यापीठातून काढून टाकले, आणि त्याच वेळी बड्या अधिकाऱ्यांसह स्वतःचाही पगार कापला. १९८५ मध्ये ते आपण होऊन पायउतार झाले. पुढे सरकारी आयोगापुढे सुमारे ८० टक्के लोकांनी एकच पक्ष असावा असे सांगितले असतानाही बहुपक्षीय पद्धत आणावी, असा आग्रह त्यांनी धरला. सत्तेला चिकटून बसलेल्या माणसाची ही लक्षणे नव्हेत.

मळवाट:

भारतीय वंशाच्या लोकांचा अनुभव या चर्चेत यायला हवा, कारण त्यात दोन्ही बाजू दिसतात. १९६१ मध्ये नागरिकत्व केवळ आफ्रिकी वंशाच्या लोकांना द्यावे, अशी मागणी झाली, तेव्हा न्येरेरे यांनी तिला कडाडून विरोध केला. भारतीय वंशाचे अमीर जमाल पुढे अनेक वर्षे त्यांचे अर्थमंत्री होते. अमीनने युगांडातून आशियाईंना हाकलले, त्याचाही त्यांनी निषेध केला. मात्र १९७१ मध्ये एक लाख शिलिंगांहून अधिक किमतीच्या, भाड्याने दिलेल्या इमारती सरकारजमा झाल्या आणि दार-एस-सलाममध्ये एकेक इमारत हीच आयुष्याची पुंजी असलेली असंख्य आशियाई कुटुंबे देश सोडून गेली. कायद्यात वंशाचा उल्लेख नव्हता, पण घाव कोणावर पडणार हे सर्वांना ठाऊक होते.

रानवाटा (धागालेखक):

दर्यावर्दी, अमीनविरुद्धच्या युद्धाचे आणि देशाच्या ऐक्याचे श्रेय मी त्यांना मनापासून देतो. पण दुष्काळाचा मुद्दा मला पटत नाही. पाऊस हुकणारच, हे जाणूनच त्या भागातील शेतकरी आपली शेते वेगवेगळ्या जागी ठेवत असत आणि मातीनुसार पीक बदलत असत. त्यांना त्या जमिनीपासून तोडले, ते नेमके अवर्षणाच्या वर्षांत. शिवाय किलिमांजारोच्या उतारावरील कॉफी-केळीचा दाट वस्तीचा प्रदेश या मोहिमेतून बहुतांशी वगळला गेला, म्हणजे कुठे थांबावे हे सरकारला कळत होते.

सक्तीची चाहूल तर १९७१ मध्येच लागली होती. इरिंगाजवळील इस्मानी या मक्याच्या पट्ट्यात विभागीय आयुक्त विल्बर्ट क्लेरू हे नाताळच्या दिवशी सईद म्वाम्विंदी या शेतकऱ्याच्या शेतावर गेले. उजामाच्या विरोधात असलेल्या त्या शेतकऱ्याशी त्यांची बाचाबाची झाली, म्वाम्विंदीने बंदूक आणून त्यांना ठार केले, प्रेत त्यांच्याच मोटारीत घातले आणि स्वतः गाडी चालवत पोलीस ठाण्यात हजर झाला. त्याला फाशी झाली. खुनाचे समर्थन मी करत नाही. परंतु शेतकरी पळून जात नाही, लपत नाही, गुन्हा कबूल करायला स्वतःहून येतो, एवढा संताप कशातून आला, याची चौकशी राष्ट्राध्यक्षांनी करायला हवी होती. ती न करता दोनच वर्षांत तेच धोरण त्यांनी साऱ्या देशाला सक्तीचे केले. त्या दोन वर्षांत त्यांना अडवू शकेल असे एखादे न्यायालय, वर्तमानपत्र किंवा विरोधी पक्ष टांझानियात होता, असे आपल्याला दाखवता येईल का?