बाईंसाठी भिंत रंगवा, पण भिंतीवर बाई नकोत

उलटाकागद
आमच्या चित्रकलेच्या बाई गेल्या. शाळेची रस्त्याकडची लांब भिंत त्यांच्या आठवणीसाठी रंगवायची, इथवर सगळे एका सुरात आहेत. पण माजी विद्यार्थ्यांनी पसंत केलेलं कच्चं चित्र पाहिलं आणि जीव खट्टू झाला. मधोमध दहा फुटी हसरा चेहरा, मागे किरणं, हातात रंगाची पाटी. फोटोवर चौकटी आखून वाढवलेला चेहरा! फोटो बघून चित्र काढलं की बाई कागद उलटा करायला लावायच्या आणि खिडकीशी नेऊन उभं करायच्या. त्यांची आठवण अशी?

जर्मन कलाकार योझेफ बॉइस हेही कलाशिक्षकच. १९८२ साली जर्मनीतल्या कासेल शहरात त्यांनी ७००० झाडं लावायला घेतली, प्रत्येक झाडाशेजारी बेसाल्टचा एक उभा दगड. सगळे दगड आधी संग्रहालयासमोर रचले होते. झाड लागलं की त्या ढिगातला एक दगड जायचा, म्हणजे काम किती उरलंय ते गावाला दिसायचं. १९८६मध्ये बॉइस वारले, शेवटचं झाड १९८७मध्ये त्यांच्या मुलाने लावलं. भिंतीचंही असं काही करा. दरवर्षी एक तुकडा, त्या वर्षीच्या मुलांनी रंगवलेला.

दोनवेणी
असहमत. बॉइसचं ते काम म्हणजे कुणाचं स्मारक नव्हतं, त्यांनी स्वतःच हाती घेतलेलं काम होतं. मोठं नाव पुढे केलं म्हणून मुद्दा जिंकत नाही.

तुम्ही बाईंसमोर बसलात, म्हणून तुम्हाला चेहऱ्याची गरज वाटत नाही. पुढच्या वर्षी शाळेत येणाऱ्या पोराला 'इथे कुणीतरी होतं' हे कशावरून कळणार? दरवर्षीच्या तुकड्यांवरून? दहा वर्षांनी ती भिंत म्हणजे फुलपाखरं आणि 'झाडे लावा'. शाळांच्या भिंती पाहिल्यात ना?

उलटाकागद
फुलपाखरांचं मान्य, तेवढं लागलं. पण ओळख पटणं म्हणजेच आठवण असेल, तर फ्रेंच कादंबरीकार बाल्झाकचं काय? पॅरिसच्या साहित्यिकांच्या संस्थेने १८९१मध्ये शिल्पकार रोदँला त्याचा पुतळा करायला सांगितला. १८९८मध्ये त्याने झग्यात गुंडाळलेला, मान मागे टाकलेला बाल्झाक पुढे ठेवला आणि संस्थेने तो नाकारला. पुतळा पॅरिसच्या रस्त्यावर उभा राहिला १९३९मध्ये, रोदँ जाऊन २२ वर्षं झाल्यावर. आज तोच बघायला लोक जातात.

दोनवेणी
म्हणजे चेहराच झाला की! रोदँने सात वर्षं घासली, बाल्झाकच्या गावाकडची माणसं समोर बसवून डोकी घडवली. माझं म्हणणं तेच आहे. किरणं आणि पाटी काढा. चेहरा ज्याला जमतो त्याच्याकडून करून घ्या, आणि हसरा नको. चित्र बघताना बाई हसायच्या नाहीत. भुवई वर जायची, बस.

चुनागच्ची
भुवईपर्यंत कधी पोचणार? ती भिंत कुणी हात लावून पाहिलीय का? खालून ओल चढते, कमरेपर्यंत लोणा आहे, नख लावलं की पावडर पडते. वर अ‍ॅक्रिलिक रंग फासलात तर आतले क्षार पाण्याबरोबर बाहेर येतात आणि रंगाचे पोपडे सुटतात. दहा फुटी चेहरा असेल तर आधी हनुवटी जाणार. शिवाय उन्हात काही लाल-पिवळे रंग निळ्याआधी उडतात. हलक्या प्रतीचा रंग वापरलात तर बाई निळसर दिसतील.

टाइल्सच्या तुकड्यांचं मोझेक करा. त्यांचा रंग भट्टीत भाजलेल्या झिलईत असतो, तो उन्हाने उडत नाही. मुलांनाही जमतं. पण ओल न काढता लावलंत तर तेही फुगून पडेल.

दोनवेणी
मोझेकमध्ये भुवई येईल का?

चुनागच्ची
तुकडे बारीक कापलेत तर येईल. वेळ लागतो.

गॅलरीतून
एक विचारू? बाईंच्या घरच्यांना कुणी विचारलं का? घरून निघाल्यावर वळणावर रोज आईचा दहा फुटी चेहरा समोर, हे त्यांना झेपेल का?

उलटाकागद
नाही विचारलं. माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. आज फोन करतो.

दोनवेणी
करा. आणि त्यांना चेहरा हवा असेल तर तुम्ही गप्प बसायचं.

उलटाकागद
बसेन. किरणांवर मात्र बोलेन.

चुनागच्ची
उद्या सकाळी भिंतीवर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून ठेवतो. एक-दोन दिवसांनी त्याच्या आतून थेंब दिसले, तर ओल काढेपर्यंत कुणी रंगाचा डबा आणू नका.