अनुभव धागा: ट्रेडमिलवरचा चढ

जुलैत साताऱ्यात पहाटे अजिंक्यताऱ्यावर जायचं म्हणजे शेवाळ, धुकं आणि वरून पाऊस. म्हणून आमच्यातले बरेच जण पावसाळाभर ट्रेडमिलला चढ लावून चालतात. धावायचं नाही, थोडा वेळ चढ, थोडा वेळ सपाट. तुम्ही किती लावता, काय दुखलं, ते लिहा. आधी माझं.

वय 52, गुडघा कुरकुरतो. वेग ताशी 4.8 किमी. 3 मिनिटं 6 टक्के, 2 मिनिटं 1 टक्का, असे पाच फेरे. टक्के म्हणजे अंश नव्हेत, हे महिन्याने कळलं: 100 मीटर पुढे गेलं की 6 मीटर वर. मध्यंतरी हौसेने 12 लावला आणि समोरचा दांडा धरून मागे रेललो. शेजारचा पोरगा म्हणाला, "काका, हात सोडा. असं रेलून तुम्ही सपाटीवरच चाललाय." राग आला, पण सोडले. दीड मिनिटात धाप! मुकाट 6 वर आलो.

शाहूपुरीहून:
आमच्या घरच्या मशीनला चढाचं बटण नाही, मागच्या पायाची खुंटी हलवायची. दर तीन मिनिटांनी उतरून वाकणार कोण? चढ तोच ठेवते, वेग पालटते. 3 मिनिटं भरभर, 3 मिनिटं रमतगमत, पाच वेळा. जपानच्या शिन्शू विद्यापीठातली पद्धत. भरभर चालताना जेमतेम हो-नाही बोलता येतं, आणि सासूबाईंना नेमकं तेव्हाच काहीतरी विचारायचं असतं.

सदर बझारहून:
बीपीसाठी बीटा ब्लॉकर चालू आहे, त्यामुळे माझे ठोके फारसे चढतच नाहीत. डॉक्टरांनी पडद्याकडे न बघता दम किती लागतो ते बघायला सांगितलंय.

करंज्याहून:
मी सातारा हिल हाफ मॅरेथॉनची तयारी यावरच केली. यवतेश्वर घाट चढताना मजा आली, मनात म्हटलं जमलं! परतीच्या उतारावर मांड्यांनी दगा दिला. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो, आणि आमच्या मशीनला उतारच नाही. दुसऱ्या दिवशी जिना उलटा, मागे तोंड करून उतरले. आई हसून हसून बेजार. आता पाऊस उघडला की रविवारी किल्ल्यावर गाडीने जाते आणि नुसती चालत उतरते. गाडी खाली आणायला भाऊ लागतो, तो दर वेळी कंदी पेढे मागतो.