क्रमवारी नेमकी कोणासाठी?
परदेशी स्थायिक होण्यासाठी देश निवडताना, मानव विकास निर्देशांकात जो देश वर, तिथले जीवनमान चांगले, असा मुद्दा मांडला गेला आहे. तो ढोबळमानाने मान्य केला, तरी १९९० पासून प्रसिद्ध होणाऱ्या या निर्देशांकात आयुर्मान, शिक्षण आणि दरडोई उत्पन्न एवढ्याच गोष्टी मोजल्या जातात, आणि त्याही संपूर्ण देशाच्या सरासरीने, हे विसरून चालणार नाही. स्थलांतरिताचे आयुष्य बरेचसे व्हिसाच्या अटींवर ठरते. अमेरिकेत एच-१बी या नोकरीसाठीच्या व्हिसावरील माणसाची नोकरी गेली, तर दुसरी नोकरी शोधायला किंवा गाशा गुंडाळायला त्याला सहसा जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात; मग डोक्यावर घराचे कर्ज असो वा मुलांचे शाळेचे वर्ष अर्ध्यावर आलेले असो. ही टांगती तलवार त्या सरासरीत कुठेच दिसत नाही.

राहण्याजोग्या शहरांच्या याद्यांपैकी मर्सर या सल्लागार कंपनीची यादी तर मुळात परदेशी पाठवलेल्या कर्मचाऱ्यांचे भत्ते कंपन्यांना ठरवता यावेत, म्हणून केली जाते. (घरभाडे कंपनी भरणार असेल, तर पुष्कळ शहरे राहण्याजोगी वाटतील!) त्यापेक्षा ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेने २०११ मध्ये आणलेला, देशांची तुलना करणारा ‘बेटर लाइफ इंडेक्स’ मला अधिक प्रामाणिक वाटतो, कारण घर, आरोग्य, सुरक्षितता, काम आणि फुरसत यांचा मेळ अशा ११ घटकांपैकी कशाला किती महत्त्व द्यायचे, हे त्यात वापरणाऱ्यानेच ठरवायचे असते. वृद्ध आईवडिलांना कायमचे सोबत नेता येईल का, हा प्रश्न मात्र त्यातही नाही, आणि अनेकांचा निर्णय शेवटी तिथेच अडतो.