विमानतळावर स्वस्तात वरच्या वर्गाची सीट : इंदूरकरांनो, अनुभव लिहा

एरोड्रमरोड
आज जुन्या कागदांत जेट एअरवेजचा बोर्डिंग पास निघाला. १७ एप्रिल २०१९ ला त्यांचं शेवटचं विमान उडालं, पण काउंटरवर उभं राहून "आज अपग्रेड कितीला?" विचारायची रीत आठवली. ती अजून चालते, फक्त नीट विचारता आलं पाहिजे. म्हणून धागा.

इंदूरकरांनी पहिल्यांदा बघायचं ते हे, की आपल्या विमानात वरचा वर्ग आहे तरी का? इथून उडणाऱ्या बऱ्याच विमानांत नसतोच. इंडिगोचं एटीआर, म्हणजे पंख्यांचं छोटं विमान, त्यात ७८ सीटा, सगळ्या इकॉनॉमी. त्यांच्या ए३२० मध्ये १८० किंवा १८६, त्याही सगळ्या इकॉनॉमी. एअर इंडियाच्या तीन वर्गांच्या ए३२० निओमध्ये ८ बिझनेस, २४ प्रीमियम इकॉनॉमी आणि १३२ इकॉनॉमी. तिकीट काढताना "विमानाचा प्रकार" दिसतो, तिथे एटी७, म्हणजे एटीआर, असेल तर विषय संपला. ३२एन, म्हणजे ए३२० निओ, असेल तर सीटांचा नकाशा उघडून पुढच्या रांगा २-२ (वाटेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन सीटा) आहेत का बघा.

वेळ महत्त्वाची. काउंटर उघडल्या उघडल्या विचारलं तर "अभी लोड नहीं पता" हेच उत्तर येतं. देशांतर्गत काउंटर साधारण ६० मिनिटं आधी बंद होतो, म्हणून ९० ते ७५ मिनिटं आधी विचारा. तोवर वेब चेक-इन झालेलं असतं आणि किती सीटा रिकाम्या जाणार हे त्यांना दिसत असतं. वाक्य साधं ठेवा: "बिज़नेस या प्रीमियम में कुछ ख़ाली है? टैक्स मिलाकर कितना?" बॅग बेल्टवर जायच्या आधी विचारा, म्हणजे टॅग आणि पास एकदाच निघतो.

सराफ्याची_सून
"टॅक्स मिलाकर" हे शब्द सोडू नका हो. इकॉनॉमीवर जीएसटी ५ टक्के, पण प्रीमियम इकॉनॉमी आणि बिझनेसवर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झालाय, आधी १२ होता. कराविना ५,००० सांगितले तर कार्डावर ५,९०० जातात. आणि पैसे दिल्यावर ईएमडी, म्हणजे तिकिटाशिवाय भरलेल्या जादा पैशांची कंपनीची इलेक्ट्रॉनिक पावती, मागून घ्या. नुसत्या बोर्डिंग पासावर पैसे भरल्याचा काही पुरावा राहत नाही, पुढे परतावा मागायची वेळ आली की तीच पावती लागते.

पोहेजलेबी
वाचतेय. पोहे भिजवलेत, नंतर सविस्तर लिहिते.

जुनीपलासिया
बोलीबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. काही कंपन्या वरच्या वर्गाच्या सीटेसाठी प्रवासाआधी बोली मागवतात. तुम्ही प्रति माणूस, प्रति टप्पा आकडा टाकायचा. मंजूर झाली तरच कार्डावर पैसे लागतात, उत्तर बहुधा शेवटच्या एक-दोन दिवसांत येतं. त्यात लोक कुठे चुकतात ते सांगतो.

आकडा एका माणसाचा असतो आणि बोली बुकिंगमधल्या सगळ्यांना लागू होते. चौघांच्या बुकिंगवर ८,००० टाकले तर ३२,००० जातात. फक्त आईला पुढे बसवायचं असेल तर पीएनआर आधी वेगळा करून घ्यावा लागतो. तो वेगळा केला की विमान बदललं किंवा रद्द झालं तर दोन्ही बुकिंगांचा विचार वेगवेगळा होतो, हे लक्षात ठेवून मगच करा.

दुसरं, जास्त पायजागेची सीट आधीच विकत घेतली असेल तर बोली लागल्यावर ते पैसे सहसा परत मिळत नाहीत. म्हणून बोली टाकायची असेल तर सीट विकत घ्यायला थांबा.

आणि ग्रुप तिकिटं, किंवा एजंटाने ठोक भावात घेतलेली तिकिटं, बऱ्याचदा बोलीला पात्रच नसतात. एजंटाला आधीच विचारलेलं बरं.

छप्पनवाली
जुनीपलासिया काका, कमीत कमी आकडा टाकला तर लागते का?

जुनीपलासिया
लागते, विमान रिकामं असेल तर. शनिवार दुपार, मंगळवार अशा वेळी. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आशा धरू नका बाई.

विजयनगर_७४
मला वाटतं मूळ हिशेब तासांचा आहे. इंदूर–मुंबई वेळापत्रकात सव्वा तासाच्या आसपास, त्यात पट्टा सुटलेला वेळ पाऊण तासही नाही. तेवढ्यासाठी ६,००० म्हणजे जेवणाचं ताट आणि रुंद खुर्ची. दिल्ली–लंडन नऊ-दहा तासांचं आहे, तिथे २५,००० दिले तरी तासाला अडीच-पावणेतीन हजारांच्या आसपास पडतं, आणि झोप मिळते. इंदूरकरांनी पैसे दुसऱ्या टप्प्यासाठी राखावेत.

इंदूर–दिल्ली–लंडन एकाच पीएनआरवर असेल तर सामान इथूनच लंडनचं टॅग होतं आणि पुढचा पासही बहुधा इथेच मिळतो. इंदूरच्या काउंटरला लांबच्या टप्प्याचा दर नेहमी दिसेलच असं नाही. दिल्लीला टर्मिनल ३ वर ट्रान्सफर काउंटरवर विचारा, इमिग्रेशनच्या रांगेत लागण्याआधी. बॅगेचा टॅग बदलावा लागत नाही, पास मात्र नवा घ्यावा लागतो.

पैसे देण्याआधी तीन गोष्टी विचाराच. लाउंज मिळणार का, सामानाची मर्यादा वाढणार का, पॉइंट कुठल्या वर्गाचे मिळणार. काउंटरवरच्या अपग्रेडमध्ये कधी यातलं काहीच वाढत नाही, फक्त खुर्ची बदलते. इकॉनॉमीचे १५ किलो गृहीत धरूनच बॅग भरा.

राजवाडा_लेन
खुर्चीवरून सांगतो, प्रीमियम इकॉनॉमीला फार भुलू नका. ए३२० मध्ये तिथेही ३-३ च असतं, मधली सीट असतेच. पायजागा थोडी जास्त, जेवण बरं, उतरायला पुढे. खरी रुंदी बिझनेसमध्ये, २-२. पैशांत फरक थोडा असेल तर बिझनेस घ्या, नाहीतर इकॉनॉमीतली एक्झिट रांग, म्हणजे आपत्कालीन दरवाजाजवळची.

एक्झिट रांग म्हणजे गरिबाचं अपग्रेड, पण नियम आहेत. लहान मुलं, गरोदर बाई, व्हीलचेअर घेतलेले, पट्ट्याचं एक्स्टेंशन लागणारे, यांना तिथे बसवत नाहीत. विमान उडताना-उतरताना हातातली पर्ससुद्धा वर ठेवावी लागते. दोन एक्झिट रांगा असतील तर मागची घ्या, पुढच्या रांगेची पाठ सहसा मागे जात नाही, मागे दरवाजा आहे म्हणून.

एटीआरचं वेगळं. चढायचं मागच्या दाराने, म्हणून पुढची सीट घेतली की उतरताना शेवटी. आवाजही पंख्याजवळ, म्हणजे पुढच्या अर्ध्यात जास्त. मागच्या रांगा शांत असतात. पंख वर असल्याने खिडकीतून खालचं सगळं दिसतं.

पोहेजलेबी
आले. मुलांवाल्यांसाठी एवढंच, की एकत्र बसायला सीटांचे पैसे भरू नका. १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या एका तरी पालकाजवळ बसवावं असं डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितलंय. काउंटरवर शांतपणे ते बोला, बदलून देतात.

छप्पनवाली
हे मला माहीतच नव्हतं ताई 🙏 एरोड्रमला मेट्रोने जाता येतं का आता?

एरोड्रमरोड
नाही अजून. ३१ मे २०२५ ला सुरू झाली ती गांधीनगर ते सुपर कॉरिडॉर ३, पाचच स्टेशनं. गांधीनगरहून पुढे रिक्षाच करावी लागते. नवरात्रात विमानतळाजवळच्या बिजासन मातेच्या टेकडीला गर्दी असते, अर्धा तास जादा धरून निघा. काउंटरवर घासाघीस करायला तो अर्धा तासच कामी येतो.

सुदामानगर
सूट-बूट घालून गेलं की फुकट वर बसवतात, हे डोक्यातून काढा. फुकट अपग्रेड होतं ते इकॉनॉमी जास्त विकली गेली आणि पुढे जागा असली की. तेव्हा यंत्रात आधी नाव येतं नेहमी उडणाऱ्या कार्डवाल्यांचं. म्हणून सदस्य क्रमांक तिकिटात घातलेला असावा, सदस्यत्व फुकट असलं तरी.

उलटंही होतं. मूळ तिकीटच वरच्या वर्गाचं असून खाली बसवलं तर डीजीसीएचा फेब्रुवारी २०२३ चा नियम आहे. देशांतर्गत प्रवासात करासकट तिकिटाचे ७५ टक्के परत. परदेशात १,५०० किलोमीटरपर्यंत ३० टक्के, ३,५०० पर्यंत ५०, त्याहून लांब ७५. काउंटरवर अपग्रेड घेऊन ते मिळालं नाही तर ते पैसे परत मागायचे, म्हणून वर सूनबाईंनी लिहिलेली ईएमडी जपा.

सराफ्याची_सून
जेवणाचं राहिलं. ऐनवेळी पुढे बसलं की उरलेलं ताट मिळतं, त्यात शाकाहारी संपलेलं असू शकतं. जैन जेवण व्हीजेएमएल, भारतीय शाकाहारी एव्हीएमएल, हे कोड निदान २४ तास आधी तिकिटात घाला. सीट बदलल्यावर क्रूला नवा सीट क्रमांक सांगा, नाहीतर ताट जुन्या सीटवर जातं. चतुर्थी असेल तर डब्यात साबुदाणा खिचडी न्याच.

राजवाडा_लेन
आणि नवा पास मिळाला की डिजियात्रात (चेहरा दाखवून विमानतळात शिरायचं ॲप) तोच टाका, जुना काढून. फोनमध्ये दोन पास ठेवले की गेटवर नेमका जुना उघडतो.

छप्पनवाली
मावशीसाठी दोन किलो शेव हातातल्या बॅगेत चालेल ना?

पोहेजलेबी
चालते ग. वरच्या कप्प्यात सपाट ठेव, एटीआरचा कप्पा लहान असतो, चुरा होतो.