युद्धाच्या दिवसांतल्या शाळेतल्या थापा: तुमचे अनुभव सांगा

१९६२, १९६५ आणि १९७१ या लढायांच्या वेळी जी मुलं-मुली हायस्कुलात होती, ती आज सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे आहेत. त्यांच्याकडून रणांगणाच्या हकिकती नकोत, त्या पुस्तकांत आहेत. हवं आहे ते मधल्या सुट्टीत, खंदकाच्या काठावर, कवायतीच्या रांगेत सांगितलेलं. थापा, लोणकढ्या, पुड्या, बंडला, तुमच्या गावात जे म्हणत असतील ते. वाड्यात एखादाच रेडिओ, वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी, आणि संध्याकाळी सगळीकडे अंधार. मधली जागा पोरांनी भरून काढली. भीती वाटत असताना त्यांनी काय काय रचलं हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, आणि ते हरवू नये असं मला मनापासून वाटतं. थाप मारणाऱ्याचं नाव नको. थाप मात्र अख्खी सांगा.

नाशिकरोड, १९७१, तेव्हा दहावीत

आमच्याकडे पाकिस्तानला हव्याच असणार अशा दोन गोष्टी होत्या: देवळालीच्या तोफा आणि नोटांचा छापखाना. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी आपल्या विमानतळांवर हल्ला झाला. दुसऱ्या दिवशी शनिवारची सकाळची शाळा. ज्याचे वडील प्रेसमध्ये होते त्या मित्राने प्रार्थना संपायच्या आत बातमी फोडली, की बॉम्ब पडला तर प्रेसचं छप्पर उडणार आणि कोऱ्या करकरीत नोटा गावभर पसरणार. कुठली नोट कुठे पडणार याचा नकाशा वडिलांच्या साहेबांकडे आहे आणि त्याने तो पाहिलाय.

सोमवारपासून त्याने जागांचं वाटप सुरू केलं. जेलरोडची बाजू शंभराच्या नोटांची, सिन्नर फाट्याची दहाच्या. मूठभर बोरं दिली की चांगली जागा मिळायची. शेजारच्याच प्रेसमध्ये पोस्टाची तिकिटं छापत, त्यामुळे ज्याच्याशी भांडण होईल त्याला तिकिटांची बाजू. मला भूमितीची वही न दिल्यामुळे दोन दिवस पोस्टकार्डांवर ठेवलं होतं.

पोरं दप्तरात कापडी पिशव्या आणू लागली. मग हवाई हल्ल्याची कवायत झाली. घंटा वाजली, सगळे खंदकात पालथे, कोपरं टेकलेली, कानात बोटं, दातात रुमाल. आणि आमच्या वर्गातल्या प्रत्येकाच्या बगलेत घडी केलेली पिशवी. सरांनी विचारलं, हे काय? कुणीतरी सुचेल ते बोललं, "सर, आत कपडे भरून डोक्यावर धरायला." सरांचा चेहरा उजळला. दुसऱ्या दिवशी सूचना निघाली: प्रत्येक विद्यार्थ्याने जुने कपडे भरलेली पिशवी आणावी. पाचवीपासून अकरावीपर्यंत सगळी शाळा नोटा गोळा करायच्या पिशव्या घेऊन येत होती, आणि हे फक्त आम्हालाच माहीत होतं.

गिरगाव, १९७१, तेव्हा नववीत

नाशिकरोडकर, वाचून डोळ्यात पाणी आलं हसून.

आमच्या चाळीत खिडक्यांना काळा कागद, काचांवर पट्ट्यांच्या फुल्या, रस्त्यावर मोटारींचे दिवे अर्धे काळे रंगवलेले. वॉर्डन खालून ओरडायचे, "तिसरा मजला, दिवा!" आणि विमानवेधी तोफांचे लाल ठिपके आकाशात चढायला लागले की आया ओढत असतानाही अख्खी चाळ गच्चीवर.

आमच्या वर्गात एकाचा मामा चेंबूरच्या रिफायनरीत होता. तिथल्या उंच धुराड्यावर कायम आग दिसते ना? ब्लॅकआऊटमध्ये ती विझवायचं काम मामाकडे. रोज संध्याकाळी ओलं गोणपाट खांद्यावर टाकून मामा वर चढायचा आणि ते ज्योतीवर दाबून सकाळपर्यंत बसायचा. मंगळवारी शिडी होती, बुधवारी दोर झाला, गुरुवारपर्यंत मामा नुसत्या हातांनी चढू लागला होता.

४ डिसेंबरच्या रात्री आपल्या नौदलाच्या क्षेपणास्त्र नौकांनी कराची बंदरावर हल्ला केला होता. ती बातमी आली तेव्हा या पठ्ठ्याने सांगितलं की मामाला ती आग वरून दिसली. भूगोलाच्या बाईंनी शांतपणे फळ्यावर पृथ्वीचा गोल काढला, एका टोकाला मुंबई, दुसऱ्या टोकाला कराची, मधला फुगवटा दाखवला आणि विचारलं, आता सांग, कसं दिसेल?

तो उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, मामा उंच आहे."

बाईंनी गोल पुसला. मला वाटतं, त्यांनाही तो मामा आवडायला लागला होता.

नागपूर

आमचं थोडक्यात. झिरो माईलचं शहर, सीमा कुठल्या कुठे, तरी शाळेत खंदक खणला. खणायचा कंटाळा आलेल्या पोरांना एका भाऊने समजावलं: पाकिस्तान दोन, एक पूर्वेला, एक पश्चिमेला. दोन्हीकडून विमानं निघाली तर भेटतील कुठे? बरोब्बर मधात. म्हणजे आपल्या डोक्यावर! मग काय, खंदक ठरल्यापेक्षा हातभर खोल गेला ना राजेहो.

सातारा जिल्हा, १९७१, तेव्हा आठवीत

आमच्या गावात घराआड एक माणूस पलटणीत. पत्रं यायची ती '५६ ए.पी.ओ.' (म्हणजे लष्कराचं टपाल कार्यालय) अशा पत्त्याची, गावाचं नाव नाही. वर्गातल्या मुलांनी शोध लावला की ५६ म्हणजे लाहोरपासूनचं अंतर, मैलांत. माझे आण्णा लाहोरपासून ५६ मैलांवर! मी दोन दिवस तोऱ्यात होते. मग एकीच्या चुलत्याचं पत्र आलं, त्यावर ९९ ए.पी.ओ. मुलं म्हणाली, तुझा काका मागं राहिला. ती रडली, मी तिच्या बाजूने भांडले, पाट्या फुटल्या.

आमचे कवायतीचे मास्तर सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. ५६ पश्चिमेकडच्या पलटणींचा आणि ९९ पूर्वेकडच्यांचा, हे त्यांना पक्कं ठाऊक असणार. पण त्यांनी सगळ्यांना जवळ बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाले, "पोरांनो, ९९ वाले ढाक्याच्या वाटेवर आहेत. फोडू नका कुणाकडं." थाप मारायला गेले आणि खरं बोलून बसले! त्या मैत्रिणीला नंतर आठवडाभर पहिल्या बाकावर जागा.

पुढे गावात एका घरी तार आली. त्यानंतर मैल कुणी मोजले नाहीत.

पुणे, १९६५

शास्त्रीजींनी सोमवारी रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं होतं, ते आमच्या वसतिगृहात अगदी कसोशीने पाळलं जायचं. भुकेल्या पोटी झोप येत नसे, म्हणून सोमवारची रात्र ही गोष्टींची.

लष्कर भागातल्या एका मुलाचे आजोबा म्हणे पूना हॉर्स या जुन्या घोडदळ पलटणीचे घोडे सांभाळत. त्याच्या सांगण्याप्रमाणे पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्याच्या नळीत मागच्या पायाने लाथ घालायची, हे त्या घोड्यांना खास शिकवलं होतं. गोळा आतच फुटतो. आम्ही विचारलं, घोड्याला नळी कळते कशी? म्हणाला, मुळा-मुठेच्या काठी ड्रेनेजच्या पाइपांवर सराव.

खरं कळलं ते सप्टेंबर सरताना. पूना हॉर्स तोवर सेंच्युरियन रणगाड्यांवर होती, फिलौऱ्याच्या लढाईत लढली, आणि तिचे लेफ्टनंट कर्नल तारापोर यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. ते पुण्यात शिकलेले. त्या सोमवारी घोड्यांची गोष्ट सांगायला त्याला कुणी सांगितलं नाही. पुढच्या सोमवारी मात्र आम्हीच मागून घेतली, आणि आता घोडे पुढच्या पायांनीही लाथा मारत होते.

सांगली, १९६२, मुलींची शाळा

जवानांसाठी मोजे विणायचे होते. एका मुलीचे दोन मोजे वीतभर लहान-मोठे झाले. शिवणाच्या बाईंनी जाब विचारला. ती म्हणाली, "बाई, हिमालयात उतारावर उभं राहायचं असतं. एक पाय वर, एक खाली." बाईंनी मोजे पार्सलात घातले. जोडीला माझा मफलर होता.

कोल्हापूरजवळचं गाव, १९७१

आमच्यात एक गडी उशिरा आला शाळेला. कारण काय, तर रात्री आमच्या उसात छत्रीधारी सैनिक उतरला. पहिल्या तासाला एक होता. मधल्या सुट्टीपर्यंत सात झाले. उसात शिरले ते वाट चुकले, पानांनी कापले, आणि सकाळी गुऱ्हाळाच्या वासानं आपणच बाहेर आले. ह्याच्या आज्यानं त्यांना आधी काकवी पाजली आणि मग कायलीभोवती बसवून बांधलं. आम्ही म्हटलं, दाखव. म्हणाला, पोलीस घेऊन गेले. पोलीस म्हणाले, ऊस लवकर तोडा.

१६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. शाळेत पेढे वाटले. पुढं ९३ हजार युद्धकैद्यांचा आकडा पेपरात आला, गुरुजींनी तो फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिला. गडी मागच्या बाकावरनं उठला, फळ्यापाशी गेला आणि खडूनं शेजारी लिहिलं: + ७.